फुरसं ओळखायचंय? आधी डोकं बघ

अरे भावा, नवीन आहेस म्हणून सांगतो, फुरशाच्या साइजवर जाऊ नकोस, जेमतेम दीड-दोन फुटाचं असतं पण बिग फोरमधलं, म्हणजे भारतात सर्वात जास्त बळी घेणाऱ्या चार विषारी सापांपैकी आहे ते. डोक्यावर बाणासारखी पांढरट खूण, अंगापेक्षा बारीक मान, मातकट रंग आणि दोन्ही बाजूंनी नागमोडी रेघ. मांजऱ्या साप पण असाच दिसतो, बरेच जण तिथेच फसतात, पण त्याचे खवले गुळगुळीत असतात, फुरशाचे खरखरीत. चिडलं की वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज काढतं, तोंडाने नाही हां. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडाखाली भरपूर, शिवाय राजस्थान, गुजरात, पार पाकिस्तान-इराणपर्यंत. रात्री टॉर्चशिवाय कातळावर फिरू नकोस आणि दगड उचलायचाच असेल तर काठीने, हाताने अजिबात नको.