रोज एकच फळ खायचं तर सफरचंद की पेरू?

तुम्ही विचारलंय: 'सफरचंद आणि पेरू यांत जास्त पौष्टिक कोणतं? रोज एकच खायचं असेल तर कोणतं खाऊ, आणि साल काढू की ठेवू?'

एका शब्दात उत्तर हवं असेल तर पेरू. ते घेऊन इथेच थांबलात तरी फारसं बिघडणार नाही. पण आमच्या घरी हेच उत्तर चुकीचं ठरलं होतं, म्हणून जरा लांबण लावतो. मी आहारतज्ज्ञ नाही. वडिलांच्या आजारपणात फळांचे तक्ते चाळायची सवय लागली आणि ती सुटली नाही, एवढंच.

अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे सगळीकडे वापरले जातात, तेच घेतो. 100 ग्रॅम पेरूत सुमारे 228 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. सालीसकट सफरचंदात जेमतेम 5. म्हणजे जवळजवळ पन्नासपट. क जीवनसत्त्व म्हटलं की सगळ्यांना संत्रं आठवतं, त्यात 53 च्या आसपास असतं; पेरू त्यालाही चौपटीने मागे टाकतो. तंतू पेरूत 5.4 ग्रॅम, सफरचंदात 2.4. पोटॅशियम 417 मिलिग्रॅम विरुद्ध 107. फोलेट, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, 49 मायक्रोग्रॅम विरुद्ध 3. गुलाबी गराच्या पेरूत वर लायकोपीन, म्हणजे टोमॅटोला लाल रंग देणारं द्रव्य, आणि तेही कच्च्या टोमॅटोच्या साधारण दुप्पट. प्रथिनं 2.6 ग्रॅम आहेत, फळाच्या मानाने चांगलीच, पण प्रथिनांसाठी पेरू खाणारा माणूस मला अजून भेटायचाय.

तक्ता पाहिला तर सामना एकतर्फीच. मात्र या 228 वर भाळू नका. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 75 ते 90 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं, शरीर त्याचा मोठा साठा करत नाही. दिवसाला 200 ते 400 मिलिग्रॅमपर्यंत पोहोचलं की रक्तातली पातळी फारशी चढत नाही, आणि जास्तीचं मूत्रावाटे निघून जातं. अर्ध्या पेरूत दिवसाचं काम झालं. म्हणून पन्नासपट जीवनसत्त्व म्हणजे पन्नासपट फायदा, हा हिशोब कागदावरच राहतो.

खरा उपयोग होतो तो लोहासाठी, आणि हे फार कमी लोक सांगतात. डाळी, पालेभाज्या यांतलं लोह शरीराला सहज शोषता येत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर शोषण बरंच सुधारतं. अट एकच, दोन्ही पोटात एकत्र असायला हवीत. हिमोग्लोबिन कमी असेल तर पेरूच्या फोडी जेवणासोबत खा. संध्याकाळी चार वाजता नुसता पेरू खाल्लात तर चव मिळेल, पण दुपारच्या पालेभाजीला त्याचा काही उपयोग नाही.

सफरचंदाला अगदीच कोरडं ठरवू नका. 1747 साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) झालेल्या 12 खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने बरी झाली, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरा नंबर कोणाचा आला? सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाचा. त्या यादीत पेरू नव्हता, नाहीतर निकाल काय लागला असता ते सांगायला नको.

आता या तक्त्यांची एक गंमत. ते सगळे 100 ग्रॅमचे असतात आणि आपण खातो अख्खं फळ. मी काट्यावर ठेवून पाहिलं. मध्यम सफरचंद 180 ग्रॅम भरलं, पेरू 120. आता पुन्हा मांडा. 100 ग्रॅमला पेरूत कॅलरी जास्त (68 विरुद्ध 52), पण फळाला फळ धरलं तर सफरचंदात 94 आणि पेरूत 82. बाजी उलटली. साखर सफरचंदात जवळजवळ 19 ग्रॅम, पेरूत 11. तंतूंचं अंतर मात्र बरंच कमी होतं, 4.3 आणि 6.5. पेरूच्या तंतूंमध्ये बियांचाही वाटा आहे; त्या बहुतेक तशाच बाहेर पडतात. त्याने बिघडत काहीच नाही, उलट बद्धकोष्ठ असणाऱ्याला बरंच. फक्त रोज काहीच फळ न खाणाऱ्याने पहिल्याच दिवशी तीन पेरू हाणू नयेत. पोट फुगेल आणि दोष पेरूवर येईल.

सफरचंदाची खरी मिळकत जीवनसत्त्वांच्या रकान्यात दिसतच नाही. ती आहे पॉलिफेनॉल नावाच्या वनस्पतीजन्य द्रव्यांच्या गटात, त्यातलं क्वेर्सेटिन तर मुख्यतः सालीत. 2000 साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता. सालीसकट 100 ग्रॅम सफरचंदाची अँटिऑक्सिडंट (पेशींना इजा करणाऱ्या रेणूंना आवरण्याची) क्षमता 1500 मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाइतकी भरते, असं त्यात म्हटलं होतं. आकडा भारी आहे, पण ही मोजणी प्रयोगशाळेतली. आतड्यातून जाताना या पदार्थांचं रूप बदलतं, रक्तात थोडेच पोहोचतात. त्यामुळे असे आकडे छापलेली वेष्टनं पाहिली की मी पान उलटतो.

रोज एक सफरचंद खा आणि डॉक्टरला दूर ठेवा, ही इंग्रजी म्हणसुद्धा तपासून झाली आहे. 2015 मध्ये अमेरिकेतल्या 8,399 प्रौढांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. शिक्षण, धूम्रपान वगैरे फरक वजा केल्यावर रोज सफरचंद खाणारे डॉक्टरकडे काही कमी जात नव्हते. डॉक्टरने लिहून दिलेली औषधं मात्र त्यांना किंचित कमी लागत होती. निबंध निघाला होता एक एप्रिलच्या मुहूर्तावर, थोडा गमतीतच, पण आकडे खरे होते.

आता आमच्या घरची गोष्ट. वडिलांच्या मूत्रपिंडांचं काम मंदावलं होतं. मी तक्ता वाचून उत्साहाने रोज पेरू सुरू केला. पंधरा दिवसांनी रक्त तपासलं तर पोटॅशियम वाढलेलं. सगळा दोष पेरूचाच होता असं नाही, पण आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्यांदा तोच बंद केला आणि सांगितलं, 'यांना सफरचंद द्या.' निरोगी माणसासाठी पेरूतलं पोटॅशियम हा गुण आहे, रक्तदाबाला मदतच होते. मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नसतील तर तोच गुण हृदयाच्या ठोक्यांवर उठतो. ज्या रकान्यात सफरचंद हरत होतं, तिथेच ते आमच्यासाठी जिंकलं. घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर माझं वरचं 'पेरू' हे उत्तर विसरा आणि डॉक्टरांना विचारा.

पोट हुळहुळं असणाऱ्यांचं बरोबर उलटं. सफरचंदात फ्रुक्टोज (फळातली साखर) आणि सॉर्बिटॉल (साखरेसारखाच एक गोड पदार्थ) दोन्ही बऱ्यापैकी असतात, आणि काहींना त्याने गॅस, जुलाब होतात. त्यांना पिकलेला पेरू सहसा चालतो. कच्चा नाही, त्यात तोच त्रास.

तुम्ही धडधाकट असाल तर रोज एक पेरू खा. पेरू नसेल त्या दिवशी सफरचंद. रस दोन्हींचा नको, गाळण्यात तंतू जातात आणि साखर तेवढी ग्लासात उतरते.

राहिली साल. पेरूची कोणी काढत नाही, प्रश्न सफरचंदाचाच. सोललं की 100 ग्रॅममागे तंतू 2.4 वरून 1.3 वर येतात, आणि क्वेर्सेटिन तर जवळजवळ सगळंच सालीबरोबर जातं. वर मेणाचा थर दिसतो म्हणून बरेच जण सोलतात. तो सहसा खाण्यायोग्य मेणाचाच असतो. तरी नको वाटत असेल तर कोमट पाण्यात चोळून धुवा आणि फडक्याने पुसा, सुरी बाजूला ठेवा.