२४ बारांत श्वास कुठे घ्यायचा?

प्रश्न : सर, मी कॉलेजच्या बँडमध्ये लीड गिटार वाजवतो. बी मायनरमधल्या एका संथ ब्लूजमध्ये माझ्या वाट्याला २४ बारांचा (एक बार म्हणजे चार ठोके) सोलो आहे. पहिल्या आठ बारांतच माझ्याकडचं सगळं वाजवून होतं, मग तेच लिक्स, म्हणजे पाठ केलेले छोटे तुकडे, आणखी जोरात, आणखी वेगात वाजवत राहतो. मित्र म्हणतात, बोटं छान फिरतात, पण लक्षात काही राहत नाही. मला स्केल्स कमी पडताहेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : स्केल्स पुरेशा आहेत. महिनाभर नवीन काहीही शिकू नका.

तुमच्या वयाचा असताना मी पुण्यात गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो. सोलो आला की सुटायचोच. आमचे सॅक्सोफोनवाले काका एका रात्री चहा पिताना म्हणाले, "अरे, मला फुंकायचं असतं म्हणून थांबावंच लागतं. तुला थांबवणारं कोणी नाही, तूच थांबायला शीक." त्या रात्री मला वाईट वाटलं होतं. आज शिकवायला बसलो की पहिल्यांदा तेच सांगतो.

तुमच्याच सुरातलं, अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांचं १९६९ चं 'द थ्रिल इज गॉन' ऐका. ते गाताना गिटार वाजवत नसत आणि गिटार वाजवताना गात नसत. आवाज एक ओळ म्हणतो, गिटार तिला उत्तर देते. त्यामुळे सोलोतही त्यांची गिटार वाक्यांत बोलते; वाक्य संपलं की गप्प बसते आणि मागचा बँड ऐकू येतो. ती मोकळी जागा ऐका. तिथे तुमचा हात शिवशिवेल, नेमकं तिथेच आपलं चुकतं.

आता कामाला लागा. मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत २४ बार म्हणजे ६४ सेकंद. बँडचे कॉर्ड्स मोबाइलवर लावा, गिटार बाजूला ठेवा आणि सोलो तोंडाने गा. आवाज कसाही असू दे. गाताना दम घ्यावाच लागतो, म्हणून वाक्यं आपोआप आखूड होतात. ते रेकॉर्डिंग गिटारवर जसंच्या तसं बसवा, दम घेतलेल्या जागांसकट. दोन-तीन दिवस हे फार कंटाळवाणं वाटेल, तरी सोडू नका.

पहिल्या १२ बारांत चौथ्या तारेचा नववा फ्रेट (पडदा), म्हणजे बी, आणि त्याच्या आसपासचे तीन-चार सूर एवढंच वापरा. वरच्या सुरांना हातही लावू नका. गिटारचा व्हॉल्यूम सातवर ठेवा, म्हणजे पुढे वाढवायला काही उरेल. ख्याल ऐकणाऱ्या घरातले असाल तर बढत, म्हणजे राग खालच्या सुरांतून हळूहळू वर नेणं, सांगायला नको. तार षड्ज पहिल्या मिनिटात कोणी लावत नाही.

दुसऱ्या फेरीत, म्हणजे पुढच्या १२ बारांत, वर जा. तिसऱ्या तारेवर १४ व्या फ्रेटचा ए पूर्ण स्वर बेंड करून (तार ओढून) बी वर न्या आणि तिथे धरा. दोन बार धरा. हे सगळ्यांत अवघड आहे, कारण बेंड जरा जरी उतरलेला असला तरी लांब धरलेल्या सुरात तो लपत नाही. वेगात वाजवताना आपण हेच लपवत असतो. रोज त्याच तारेचा १६ वा फ्रेट साधा वाजवून बेंड त्याच्याशी जुळवून बघा. व्हायब्रेटो, म्हणजे सुराला दिलेलं हलकं कंपन, सूर जुळल्यावर, सावकाश.

आणखी एक जागा सांभाळा. तुमच्या ब्लूजच्या बारा बारांच्या प्रत्येक फेरीत दहाव्या बारला बहुधा एफ शार्प सेव्हन हा कॉर्ड येत असेल. त्यात ए शार्प आहे आणि तुमच्या पेंटॅटॉनिकमध्ये (पाच सुरांच्या स्केलमध्ये) साधा ए. तो ए तिथे लांब धरलात तर खुपतो. ए शार्प घ्या किंवा सरळ थांबा.

तुमचा तो वेगवान लिक मला टाकायला लावायचा नाहीये. तो २१ व्या बारला एकदाच येऊ दे. त्या आधीचा पूर्ण बार रिकामा सोडा आणि ड्रमरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही विसरलात असं समजून तो त्या जागेत रोल भरेल.