जुन्या थेटरात हाऊस लाईटचे (प्रेक्षकांच्या बाजूच्या दिव्यांचे) डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची यंत्रं, बदलायचेत, वायरिंग जुनं आहे, आधी काय करायचं?

डिमर नंतर ओ, आधी वायर बघा. बेळगावाकडं जुन्या हॉलात अजून रबर-कापडाच्या वायरी लाकडी पट्टीवर दिसतात, त्या हात लावला की भुगा होतात, आणि आपला पाऊस म्हणजे ओल आलीच. लायसन्सवाल्या वायरमनकडून ५०० व्होल्टचा मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारून घ्या, १ मेगाओमच्या खाली दाखवलं तर त्या लाईनवर नवा डिमर जोडूच नका.

न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, पण तपासा. थ्री फेजवर ट्रायॅकचे (विजेची लाट कापून उजेड कमी करणारे) डिमर असले की तिसरा हार्मोनिक, म्हणजे त्या कापण्यानं होणारा तिप्पट वारंवारतेचा करंट, न्यूट्रलमध्ये रद्द होत नाही, उलट बेरीज होते, आणि जुन्या कामात न्यूट्रल बारीकच घातलेला असतोय, तोच तापतोय.

बल्ब बदलून एलईडी घातलात तर १०० वॅटचे ४० बल्ब म्हणजे ४००० वॅट ते थेट ४००-५०० च्या आसपास येतंय, जुन्या वायरीला आराम, पण जुना डिमर एवढ्या कमी लोडवर लुकलुकतोय म्हणून ट्रेलिंग एजवाला (लाटेचा शेवटचा भाग कापणारा) घ्या आणि दिवे डिमेबलच, म्हणजे डिमरवर चालणारेच, आणा, दोन आणून आधी लावून बघा. बाहेर पडायच्या वाटेचे दिवे मात्र डिमरवर अजिबात नकोत, वेगळ्या लाईनवर ठेवा.