लाँगबो: ‘लांब पल्ल्याचं धनुष्य’ का नव्हे?

प्रश्न असा आला आहे: मध्ययुगीन इंग्लंडवरच्या एका लेखाच्या अनुवादात ‘लाँगबो’ला ‘लांब पल्ल्याचं धनुष्य’ म्हटलंय, ते बरोबर आहे का? नसेल तर मराठीत काय म्हणावं?

बरोबर नाही. यातला ‘लाँग’ धनुष्याच्या उंचीबद्दल आहे, बाण किती दूर जातो याबद्दल नाही. मराठीत ‘लांब’ दोन्ही अर्थांनी चालतं, त्यामुळे ही गल्लत झाली असावी.

मुळात या धनुष्याला त्या काळी बहुतेक वेळा नुसतं ‘बो’ म्हणत. ‘लाँग’ची गरज पडते ती शेजारी क्रॉसबो (आडवं धरून चापाने बाण सोडायचं धनुष्य) आला की. १४४८ साली नॉरफोकमधल्या मार्गारेट पॅस्टन यांनी नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात हे फार स्पष्ट दिसतं. घरावर हल्ल्याची भीती होती. त्या क्रॉसबो मागवतात आणि कारण देतात की घरं इतकी ठेंगणी आहेत की आतून लाँगबो चालवताच येणार नाही. शब्दाचा अर्थ कोशापेक्षा या एका वाक्यात नीट कळतो: माणसाएवढं उंच, उभं धरायचं, वर मोकळी जागा लागणारं हत्यार.

१५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे जहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्यावर १३७ अखंड धनुष्यं मिळाली, बहुतेक सहा फुटांहून उंच. ती यू नावाच्या झाडाच्या एकाच लाकडातून घडवलेली आहेत. बाहेरच्या बाजूला फिकट रसकाष्ठ, म्हणजे सालीलगतचं लाकूड, ते ताण सोसतं; धनुर्धराच्या बाजूला गडद गाभा, तो दाब सोसतो. म्हणून ‘शार्ङ्ग’ हा भारदस्त शब्द मला इथे अजिबात चालणार नाही. शार्ङ्ग म्हणजे शिंगाचं धनुष्य. कौटिल्यही ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्यं वेगवेगळी सांगतो.

पल्ल्याचा मुद्दा युद्धाच्या दृष्टीनेही फसवा आहे. चांगला क्रॉसबोही दूर मारा करत असे. लाँगबोची खरी ताकद वेगात होती: क्रॉसबो पुन्हा ताणून होईपर्यंत इंग्लिश धनुर्धराचे कितीतरी बाण सुटलेले असत. २६ ऑगस्ट १३४६ रोजी फ्रान्समधल्या क्रेसीच्या लढाईत फ्रेंचांकडून लढणाऱ्या, इटलीतल्या जिनोव्हाच्या क्रॉसबोवाल्यांची यातच दाणादाण उडाली. त्यांच्या मोठ्या ढाली सामानाच्या गाड्यांबरोबर मागेच राहिल्या होत्या. १४१५ मध्ये फ्रान्समधल्याच अ‍ॅझिनकोर्टच्या लढाईत चिखल आणि अरुंद मैदान यांनीही इंग्रजांना साथ दिली, तेव्हा सगळं श्रेय धनुष्याला देऊ नये. आणि हा वेग फुकट येत नव्हता. दोरी ओढायला शंभर पौंडांहून जास्त जोर लागे, त्यासाठी लहानपणापासून सराव हवा. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने १३६३ मध्ये सुट्टीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव सक्तीचा केला, तो याचसाठी.

तर प्रतिशब्द? ‘तिरकमठा’ फार हलका वाटतो, ‘दीर्घधनुष्य’ कोणी बोलत नाही. माझं मत: पहिल्यांदा ‘लाँगबो, म्हणजे पुरुषभर उंचीचं धनुष्य’ असं लिहावं, पुढे नुसतं ‘धनुष्य’. ‘पुरुषभर’ आपण विहिरीच्या खोलीसाठी वापरतोच, इथेही तो शब्द नेमका बसतो. जिथे क्रॉसबोशी तुलना असेल तिथे मात्र दोन्ही इंग्रजी नावं ठेवावीत, नाहीतर कोण कोणावर मारा करतंय ते कळत नाही.

त्याच अनुवादात ‘बाणांचं फायरिंग’ आहे, तेही काढावं. ते क्रियापद तोफा-बंदुकांबरोबर आलं. बाण सोडतात किंवा मारतात. गंमत म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत ‘बाण’ पेटवलेलाही सापडेल, पण तिथे तो दारू भरलेला अग्निबाण असतो, धनुष्याचा नव्हे.