टेबलाच्या तड्यावर फुलपाखराच्या आकाराचे लाकडी तुकडे का बसवतात? नुसती शोभा की खरंच काही उपयोग असतो?

दोन्ही, पण आधी उपयोग. लाकूड वाळताना आकसतं आणि सगळीकडे सारखं आकसत नाही, वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे, त्यामुळे अख्ख्या खोडाची रुंद फळी काढली की ती कुठेतरी तडकणारच. तो तडा पुढे पळू नये म्हणून हे फुलपाखरू. नीट बघा, त्या तुकड्याच्या रेषा तड्याला आडव्या असतात, कारण लाकडाची ताकद रेषांच्या दिशेने, त्याच उलट्या बसवल्या तर कंबरेतच मोडेल. आणि टोकं रुंद असल्यामुळे ओढलं तरी निसटत नाही.

सांधा तसा जुनाच, पण अमेरिकेत तो मिरवायला लावला जॉर्ज नाकाशिमाने. जन्म १९०५ चा, वॉशिंग्टन राज्यातला, एमआयटीत शिकलेला आर्किटेक्ट. १९४२ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, जपानी वंशाचा म्हणून सरकारने बायको आणि तान्ह्या मुलीसकट आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत डांबलं, तिथे जपानी पद्धतीचं काम येणारा एक सुतार भेटला आणि हा त्याच्या हाताखाली शिकला. पुढच्या वर्षी सुटून पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होपला गेला आणि तिथेच वर्कशॉप टाकलं. बाकीचे डिझायनर प्लायवूड नि फायबरग्लास घेऊन फॅक्टरीच्या मागे लागलेले असताना हा गाठी आणि भेगा असलेली अक्रोडाची खोडं घेत होता, ती कशी चिरायची ते स्वतः ठरवायचा, फळीची कड झाडाला होती तशीच वाकडी ठेवायचा, आणि तड्यावर बऱ्याचदा शिसवीचं फुलपाखरू, लपवायचं नाही, उलट दिसलं पाहिजे.

आपल्याकडचा धागा म्हणजे छावणीच्या आधी, १९३० च्या दशकाच्या शेवटी, तो पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात राहून गोलकोंड नावाच्या वसतिगृहाचं बांधकाम बघत होता, तिथलं सुरुवातीचं फर्निचरही त्याचंच. पुढे १९६४ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीसाठीही (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) त्याने फर्निचरची डिझाइन केली.

हल्ली तडा दिसला की निळं रेझिन (ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं रसायन) ओतून मधून नदी वाहतेय असं दिसणारं रिव्हर टेबल करतात, ज्याची त्याची आवड, मला तरी ते स्विमिंग पूलचं कापलेलं पीस वाटतं 😄

घ्यायला गेलात तर रेषांची दिशा बघा, आणि जिथे तडाच नाही तिथे ओळीने पाच फुलपाखरं दिसली तर ती निव्वळ शोभेची, त्यांचे जास्तीचे पैसे देऊ नका.