'घोस्ट'च्या ३५ वर्षे आधीचे गाणे

प्रश्न : मी सोलापुरातील एका वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवतो. लग्नाच्या स्वागतसमारंभात नवरा-नवरी मंचावर येताना 'घोस्ट' चित्रपटातील 'अनचेन्ड मेलडी' वाजवा, अशी फर्माईश हल्ली वारंवार येते. हे मुळात तुरुंगातील गाणे आहे, असे परवा आमचे एक ज्येष्ठ वादक म्हणाले. ते खरे आहे का? आणि नावातला 'अनचेन्ड' हा शब्द गाण्यात कुठेच कसा सापडत नाही?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या ज्येष्ठांचे म्हणणे बरोबर आहे. 'घोस्ट' आला १९९० मध्ये. हे गाणे १९५५ च्या 'अनचेन्ड' नावाच्या चित्रपटातले. कॅलिफोर्नियातील चिनो येथे कैद्यांवर विश्वास टाकून त्यांना सुधारण्याचा जो प्रयोग चालला होता, त्यावर तो चित्रपट बेतलेला होता आणि कुंपण ओलांडून बायकोकडे पळावे की शिक्षा पुरी भोगून उजळ माथ्याने घरी जावे, या पेचात सापडलेला कैदी हा त्याचा नायक होता. संगीत ॲलेक्स नॉर्थ यांचे, शब्द हाय झॅरेट यांचे, आणि पडद्यावर ते गायले टॉड डंकन यांनी, तेही कैद्याच्याच भूमिकेत. काळ सरता सरत नाही, तू अजून माझीच आहेस ना, नद्या समुद्राला मिळतात तसा मीही घरी येतो आहे, वाट पाहा, हा आशय एकदा कैद्याच्या तोंडी कल्पून पाहिला की साधे प्रेमगीत वाटणाऱ्या या ओळींचे वजनच बदलते.

शब्द न सापडण्याचे कारण गमतीदार आहे. चित्रपटाचे नाव गीतात यावे, अशी निर्मात्यांची इच्छा होती. झॅरेट यांनी ती मानली नाही. तेव्हा 'अनचेन्ड मेलडी' म्हणजे बेड्या तुटलेली धून नव्हे, तर नुसतीच 'अनचेन्ड'मधली धून.

खुला तुरुंग आपल्या भागाला नवा नाही. औंध संस्थानाने आटपाडीजवळ वसवलेल्या स्वतंत्रपूरच्या वसाहतीवरून सुचलेली ग. दि. माडगूळकरांची कथा व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' या नावाने पडद्यावर आणली, आणि त्यातील 'ऐ मालिक तेरे बंदे हम' शाळेच्या प्रार्थनेत म्हणणाऱ्या कितीतरी मुलांना ते कैद्यांच्या चित्रपटातले आहे याची कल्पनाही नसते. 'अनचेन्ड'च्या गाण्याचेही तसेच झाले. चित्रपट विस्मरणात गेला, पण १९५५ मध्येच ब्रिटनच्या पहिल्या वीस गाण्यांत या एकाच गाण्याच्या चार ध्वनिमुद्रिका एका वेळी होत्या. ऑस्कर मात्र हुकले. (नॉर्थ यांना १५ नामांकनांनंतरही स्पर्धेतले ऑस्कर मिळाले नाही, १९८६ मध्ये मानद देण्यात आले.)

आपण वाजवता ती धाटणी बहुधा १९६५ च्या ध्वनिमुद्रणाची आहे. ते 'रायचस ब्रदर्स' या जोडीच्या नावावर असले, तरी गायले आहेत एकटे बॉबी हॅटफिल्ड. हे गाणे तबकडीच्या मागच्या बाजूला भरतीचे म्हणून टाकले होते. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटून तीच बाजू लावायला सुरुवात केली आणि ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. पुढे कुंभाराच्या चाकावरच्या त्या सुप्रसिद्ध प्रसंगासाठी 'घोस्ट'ने हेच ध्वनिमुद्रण घेतले. मागणी एवढी उसळली की जोडीने गाणे नव्याने मुद्रित केले, आणि जुने व नवे अशी दोन्ही मुद्रणे अमेरिकेच्या पहिल्या वीसांत एकाच वेळी येऊन बसली. ब्रिटनमध्ये तर १९५५, १९९०, १९९५ आणि २००२ अशा चार वर्षी चार निरनिराळ्या आवाजांत हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले.

वाजवताना १९६५ चेच मुद्रण समोर ठेवावे, असे आम्हांला वाटते. त्यात दर मात्रेचे तीन भाग पडतात, त्यामुळे ढोलकवाल्याला सरळ केरवा (आठ मात्रांचा ताल) धरू देऊ नये, सगळा डौल जातो. सूर पांढरी एकचा (म्हणजे 'सी'चा) आहे; सुरुवात खालच्या पट्टीत असल्यामुळे गायकाला सोपे वाटते, पण शेवटी हॅटफिल्ड जिथे आवाज वर नेतात तिथे भलेभले अडतात. म्हणून तालमीत आधी शेवटची ओळ गाऊन घ्यावी, आणि आवाज चिरत असेल तर सरळ खालच्या पांढरी सहावर ('ए'वर) उतरावे.