मांजरवाल्या घरात बजी येतात तेव्हा

प्रश्न : माझ्याकडे वीसेक वर्षं तरी मांजरं आहेत, सध्या एक बोका आणि एक म्हातारी मांजरी. शेजारचं कुटुंब बदली होऊन पुण्याला चाललंय, त्यांची बजीची (छोट्या परदेशी पोपटांची) जोडी ते पिंजऱ्यासकट मला देऊन जाणार आहेत. मांजरांचं मला सगळं कळतं पण पक्ष्यांचं काहीच नाही. घर जुनं आहे, कौलारू. मांजरांना हळूहळू सवय होईल ना? आणि मला नवीन काय काय शिकावं लागेल?
— एक वाचक, कवळे, फोंडा

उत्तर : ताई, सवय होईल का त्याचं आधी सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे, आणि उत्तर नाही असं आहे. काही आठवड्यांनी बोका पिंजऱ्याकडे बघायचं सोडेल, बाजूला पसरून झोपेल सुद्धा, आणि घरातले सगळे म्हणतील बघा कसे मित्र झाले, पण तेवढ्यावर विश्वास टाकू नका. पोट भरलंय म्हणून मांजर शिकार सोडत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको, बांगड्याचा तुकडा ताटलीत तसाच टाकून पालीमागे धावणारी मांजरं आपण सगळ्यांनी पाहिलीयत. समोर पंख फडफडले की त्यांच्या अंगात ते आपोआप जागं होतं, त्यात बोक्याचा काही दोष नाही पण आपण प्रेमाने समजावून ते थांबणारही नाही. आणि बजीच्या बाजूनेही विचार करा, मांजराने पंजा लावलाच नाही तरी दिवसभर समोर मांजर बसलेलं दिसणं हाच त्याला त्रास आहे, बाहेरचा पक्षी उडून लांब जातो, याला जाता येत नाही. असा कायम घाबरलेला पक्षी नीट खात नाही, कधीकधी स्वतःची पिसं उपटायला लागतो, आजारी पडतो. म्हणून पिंजरा अशा खोलीत ठेवा जिथे मांजरं कधीच येत नाहीत, बोका आणि मांजरी दोघंही, म्हातारी आहे म्हणून तिला सूट नको.

आता तुमचं घर कौलारू आहे म्हणून मुद्दाम सांगते, दार लावलं की खोली बंद झाली असं धरू नका. आपल्याकडच्या जुन्या घरांत मधल्या भिंती बरेचदा कौलांपर्यंत जातच नाहीत, वरती मोकळं असतं, आणि बोका भिंतीवर चढून वाशांवरून पलीकडे कसा उतरतो ते तुम्ही बघितलं असेलच. ज्या खोलीला वर माळा किंवा स्लॅब आहे ती निवडा, तशी नसेल तर भिंतीच्या वरच्या मोकळ्या भागाला बारीक जाळी ठोकून घ्या, खिडकीलाही तीच. पावसात उंदीर आणि साप घरात शिरतात आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या मागे दोन्ही येतात, त्यांनाही ही जाळी आवरते. बाल्कांवात (पुढच्या ओसरीत) पिंजरा टांगलेला छान दिसतो हे मलाही माहितीय पण तिथे गावभरची भटकी मांजरं, कावळे, आणि शिक्रा सुद्धा, तो पिंजऱ्याच्या गजांवर झडप घालतो, तेव्हा तो विचार सोडूनच द्या.

मग रोजचा नियम एकच ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा. पिंजऱ्याचं दार उघडायचं असेल तर आधी खोलीचं दार बंद, खोलीचं दार उघडायचं असेल तर आधी पिंजरा बंद, आणि त्याही आधी दोन्ही मांजरं कुठे आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, असतील कुठेतरी असं म्हणायचं नाही. मोकळं सोडाल तेव्हा पंखा बंद, आरशावर आणि काचेवर कापड. पिंजऱ्याची ती वर सरकणारी छोटी दारं बजी चोचीने उचलतात, त्यांना एकेक क्लिप लावा. गजांमधली जागा साधारण 12 मिलीमीटर, त्याहून जास्त असेल तर बजीचं डोकं अडकू शकतं. आणि पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असला पाहिजे कारण ते आडवे उडतात, शेजाऱ्यांचा पिंजरा तो उभा गोल घुमटाचा असेल तर प्लीज मोठा घ्या, दोन पक्ष्यांना त्यात पंख पण नीट उघडता येत नाहीत. पहाटे मांजरं सगळ्यात चपळ असतात हे तुम्हाला माहिती आहेच, बजी पण उजाडलं की लगेच आवाज करायला लागतात, म्हणून रात्री झोपण्यापूर्वी त्या खोलीचं दार पुन्हा एकदा तपासा. रात्री त्यांना दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते, टीव्ही चालू असलेल्या हॉलमध्ये ती मिळत नाही.

इतक्या वर्षांचा तुमचा अनुभव फुकट जाणार नाही, उलट ज्याने कधीच काही पाळलेलं नाही त्याच्यापेक्षा तुम्ही लवकर शिकाल असं मला मनापासून वाटतं. मांजर रोजच्यासारखं नाहीये हे तुम्हाला ते दारातून आत येतानाच कळतं ना, तेच लक्ष इथे लागतं, फक्त खुणा वेगळ्या आणि वेळ फार कमी. बजीचं वजन साधारण 30 ते 40 ग्रॅम. मांजर एखाद दिवस जेवलं नाही तर आपण लक्ष ठेवतो, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेतो. बजीने दिवसभर खाल्लं नाही तर ती तेव्हाच इमर्जन्सी आहे. आणि तो शेवटपर्यंत लपवतो, कारण रानात आजारी दिसणारा पक्षी आधी पकडला जातो, म्हणून तो पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसतो तेव्हा आजार बऱ्यापैकी पुढे गेलेला असतो. श्वास घेताना शेपटी वरखाली हलते का बघा. तळाला रोज नवीन पांढरा कागद घाला आणि मांजराची ट्रे बघता तसंच बघा, चांगल्या शिटेत एक घट्ट हिरवट भाग, त्यावर पांढरा ठिपका आणि थोडं पाणी असतं, हे बदललं की काहीतरी झालंय. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असेल तर दर आठवड्याला वजन लिहून ठेवा, 36 ग्रॅमचा पक्षी 32 वर आला म्हणजे नववा भाग गेला, आणि हे नुसतं बघून कधीच कळत नाही कारण वरून पिसं असतात.

काही सवयी मात्र सोडाव्या लागतील. मांजराला पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवतो तसं पक्ष्याला करायचं नाही, त्याने त्याची विणीची हार्मोन्स चाळवतात, मादी असेल तर उगाच अंडी घालत बसते. डोकं आणि मान एवढंच, तेही त्याने मान पुढे केली तर. आणि हातात धरताना छाती कधीही दाबायची नाही, पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे होतं तेव्हाच श्वास आत जातो, घट्ट धरलं की गुदमरतात. बजीशी मैत्री व्हायला वेळ लागतो, पहिले काही दिवस नुसतं पिंजऱ्याजवळ बसून हळू आवाजात बोला, मग हातातून राळ्याचं कणीस द्या.

खाण्याचं शेजाऱ्यांना विचारून घ्या आणि सुरुवातीला तेच चालू ठेवा, नवीन घर आणि नवीन खाणं एकदम नको. फक्त राळा-बाजरीवर राहिलेले पक्षी लठ्ठ होतात आणि त्यांना अ जीवनसत्त्व कमी पडतं, म्हणून हळूहळू शेवग्याचा पाला, कोथिंबीर, किसलेलं गाजर सुरू करा. पहिले पंधरा दिवस ते त्याला चोचही लावणार नाहीत, तरी रोज ठेवत राहा, संध्याकाळी उरलेलं काढून टाका. अॅव्होकाडो, चॉकलेट, कांदा, चहा-कॉफी, मीठ घातलेलं काहीही नाही. आपल्या पावसाळ्यात बाजरीला बुरशी येते, ती पक्ष्याच्या यकृतावर जाते, म्हणून धान्य थोडं थोडंच आणा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, कुबट वास आला की सगळं फेकून द्या. मांजराची ट्रे साफ केल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय पक्ष्यांच्या भांड्याला लावू नका, आणि सुकलेली शीट झाडूने उडवू नका, ओल्या कापडाने पुसा, त्या धुळीतून माणसालाही न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो.

एक काम मात्र पक्षी घरी यायच्या आधी करा. तुमचे मांजरांचे डॉक्टर पक्षी बघतात का विचारा, सगळे बघत नाहीत, आणि बघत नसतील तर कोण बघतं ते त्यांच्याकडूनच घ्या. ऐन वेळी शोधायला गेलात तर बजीकडे तेवढा वेळ नसतो.

प्रश्न : आमच्या मांजरीने पोपटाचं पिल्लू तोंडात धरून आणलं, मी लगेच सोडवलं. कुठे रक्त नाही, जखम दिसत नाही, पिल्लू ओरडतंय म्हणजे ठीक असावं. मला लहानपणापासून पोपट पाळायचा होता. ठेवून घेऊ का, आणि काय भरवू?
— एक कॉलेज विद्यार्थी, पेडणे

उत्तर : बाळा, हे वाचत असशील तेव्हा बहुतेक उशीर झालेला असेल, पण हे ज्याच्या ज्याच्या घरात मांजर आहे त्या सगळ्यांसाठी लिहिते. मांजराने तोंडात धरलेला पक्षी जखम दिसो न दिसो त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलाच पाहिजे. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, दात सुईसारखे बारीक, भोक पिसांखाली दिसतही नाही, आणि ते जंतू रक्तात गेले की पक्षी एकदोन दिवसांत जाऊ शकतो. आज ओरडतोय, उद्या नाही. अँटिबायोटिक लागतं आणि ते डॉक्टरनेच वजन बघून द्यायचं, घरातली गोळी चुरून नाही. तोवर भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घालून, अंधारात, उबेत, मांजरापासून लांब ठेवायचं. पाणी चोचीत ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं, आणि भरवायच्या भानगडीतही पडायचं नाही.

आणि पाळायचं म्हणशील तर नाही. आपल्याकडचा हिरवा पोपट, मुनिया, डोंगरी मैना, हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, पकडणं, विकणं, घरात ठेवणं सगळंच गुन्हा आहे, पिल्लू सापडलं म्हणून सूट नाही. उपचार झाले की वनखात्याच्या जवळच्या ऑफिसला कळव, पुढचं ते बघतात. बजी किंवा कॉकटिएल हे परदेशी आहेत, पिंजऱ्यात पैदास झालेले, ते पाळायला हा कायदा आड येत नाही. बाकी बऱ्याच परदेशी पोपटांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, ती विकत घ्यायच्या आधी तपासायची. पण तुझ्या घरात शिकार करणारी मांजरी आहे, वेगळी खोली नसेल तर तेही आणू नकोस असंच मी सांगेन. मांजरीला विशेषतः उन्हाळ्यात, पिल्लं घरट्यातून बाहेर पडतात तेव्हा, सकाळ-संध्याकाळ घरात ठेवलंस तर तुझ्या अंगणातले पोपट आणि बुलबुल वाचतील. पक्षी बघायची एवढी हौस आहे तर एखाद्या सकाळी रायबंदरहून फेरीने चोडणला जा, डॉ. सलीम अली अभयारण्याच्या खारफुटीत खंड्या हमखास दिसतील.

प्रश्न : बजीच्या खोलीत डास फार. कॉइल लावली तर चालेल? स्वयंपाकघर बाजूलाच आहे.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही चालणार. कॉइल, लिक्विड, अगरबत्ती, धूप, डांबरगोळ्या, परफ्यूम, यातलं काहीच त्या खोलीत नको. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, अंगाच्या मानाने आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा ते शोषून घेतात आणि तिच्यातलं विष पण. पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका, मी तर म्हणते खोलीच्या खिडकीलाच जाळी मारा. पण डासांपेक्षा मला तुमच्या बाजूच्या स्वयंपाकघराची जास्त काळजी वाटते. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा राहून फार तापला की त्याच्या लेपातून जो वायू निघतो त्याने पक्षी काही मिनिटांत मरतो, आपल्याला वासही येत नाही. घरात पक्षी असेपर्यंत बिडाचा किंवा स्टीलचा तवा वापरा, आणि पक्ष्यांची खोली स्वयंपाकघरापासून जेवढी लांब नेता येईल तेवढी न्या. मांजरांच्या पिसवांचे स्प्रे पण अंगणात, तेही पक्ष्यांच्या खिडकीपासून लांब.

प्रश्न : पेट शॉपमध्ये चोच घासायला पांढरं हाड विकतात, तसंच आम्हाला बायणा किनाऱ्यावर मिळतं. ते दिलं तर?
— एक वाचक, वास्को

उत्तर : तेच ते, समुद्रफेस, माणकीच्या जातीच्या जीवाच्या पाठीतलं हाड, त्यातून कॅल्शियम मिळतं आणि मादीला अंड्यांसाठी ते फार लागतं. किनाऱ्यावरचं चालतं पण बघून घ्या, पावसाआधी आपल्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येतात, काळा डाग किंवा तेलाचा वास असलेलं उचलू नका. दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला म्हणजे खारटपणा जातो, मग दहा मिनिटं उकळून कडक उन्हात पूर्ण वाळवा. वाळवताना मांजर त्याच्यावर बसणार नाही एवढं बघा, त्याला माशाचा वास असतो. मऊ बाजू पक्ष्याकडे करून गजांना लावा, तारेने नको, क्लिपने.